निकोटिन गम: चघळायची पद्धत, मात्रा आणि बंद करण्याचा क्रम

"सिगारेट सोडायला निकोटिनचा गम घेऊन बघितला, काही फरक पडला नाही," असं सांगणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारावेत. दिवसाला किती घेतले? आणि चघळले कसे? उत्तरं बहुतेक वेळा ठरलेली असतात. दोन-तीन घेतले, तेही तलफ अगदी असह्य झाली तेव्हा. आणि साध्या च्युइंगमसारखे कचाकचा चावले. म्हणजे निकोटिन मुळात कमी घेतलं, आणि जे घेतलं त्यातलं बरंचसं थुंकीबरोबर पोटात गेलं. तिथे त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच, त्रास मात्र होतो. अशा माणसाने गम वापरून पाहिला असं म्हणता येत नाही.

सिगारेट पूर्ण सोडायची आहे आणि त्यासाठी गमची मदत घ्यायची आहे, अशांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या तीन शेवटच्या सिगारेटच्या आधीच्या आहेत. त्या गाळून थेट चौथीवर उडी मारायचा मोह होतो, आणि पुढची बरीचशी गडबड तिथेच सुरू होते.

## पायरी १: गम विकत घेण्याआधी चार दिवस नोंद

या चार दिवसांत सिगारेट कमी करायचा प्रयत्न करू नका. नेहमीसारखी ओढा. फक्त प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ लिहा आणि पुढे दोन शब्दांत कारण: जेवण झालं, फोन आला, कंटाळा, वाट बघतोय, सोबत कोणीतरी पेटवली. नोंद मोबाइलमध्ये ठेवलीत तर दुपारनंतर विसराल. सिगारेटच्या पाकिटातच कागदाची घडी आणि पेन्सिलीचा तुकडा ठेवा.

या कागदावरून तीन गोष्टी कळतात.

पहिली, उठल्यापासून किती मिनिटांनी पहिली सिगारेट पेटते. ही सगळ्यांत महत्त्वाची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर शरीर जवळजवळ रिकामं झालेलं असतं. ते भरायची घाई किती आहे, यावरून व्यसनाची खोली समजते. दिवसाच्या एकूण आकड्यापेक्षा हे माप जास्त भरवशाचं आहे, कारण आकडा ऑफिसच्या नियमांमुळे किंवा घरच्यांच्या धाकाने कमी राहू शकतो.

दुसरी, दिवसाचा खरा आकडा. तोंडाने सांगितलेला आणि कागदावरचा आकडा क्वचितच जुळतो.

तिसरी, गर्दीच्या वेळा. काहींच्या निम्म्या सिगारेटी संध्याकाळच्या तीन तासांत असतात. गमचं वेळापत्रक याच गर्दीवर बसवायचं आहे, त्यामुळे कागद टाकून देऊ नका.

थांबा, आधी डॉक्टरांना विचारा, जर:
- नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, छातीत दुखणं वाढत चाललं असेल किंवा हृदयाचे ठोके अनियमित असतील;
- गर्भवती असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल;
- पोटात अल्सर असेल, मधुमेह असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल;
- वय १८ पेक्षा कमी असेल;
- दम्यासाठी थिओफायलिन, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन सुरू असेल.

शेवटचा मुद्दा फारसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांमुळे यकृत ही औषधं नेहमीपेक्षा भरभर मोडतं, आणि डॉक्टरांनी बसवलेली मात्रा त्या हिशेबाने बसलेली असते. धूर बंद झाला की तीच गोळी अंगावर जड होऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. म्हणून गम घेत असलात तरी तो होतोच. सिगारेट सोडायची तारीख डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे त्यांना मात्रा बदलता येईल. ही औषधं स्वतःच्या मनाने कमी करू नका.

## पायरी २: २ की ४ मिलिग्रॅम?

गम दोन ताकदींत मिळतो. नियम सोपा आहे: उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटत असेल तर ४ मिलिग्रॅम, त्यानंतर पेटत असेल तर २ मिलिग्रॅम.

इथली नेहमीची चूक म्हणजे भीतीपोटी २ घेणं. "उगाच जास्त निकोटिन कशाला?" हा विचार समजण्यासारखा आहे, पण हिशेब बघा. एका सिगारेटमधून शरीराला साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम निकोटिन मिळतं. गमवर लिहिलेलं सगळं निकोटिन रक्तात पोचत नाही. नीट चघळला तरी निम्म्याच्या आसपास पोचतं. म्हणजे २ मिलिग्रॅमचा एक गम एका सिगारेटपेक्षा कमीच देतो. अंथरुणातून उठताच सिगारेट शोधणाऱ्याला तो पुरत नाही, आणि तिसऱ्या दिवशी "गम कुचकामी आहे" असा निकाल लागतो.

दुसरा फरक वेगाचा. झुरक्यातलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत जातं. गममधलं गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू झिरपतं आणि रक्तात पुरेसं चढायला २० ते ३० मिनिटं लागतात. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा, पुढच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचं कारण त्यांत आहे. सिगारेटसारखी किक गममध्ये मिळणार नाही. ती मिळत नाही म्हणूनच गमची चटक सहसा तेवढी लागत नाही.

आणि हो, "निकोटिनच घ्यायचं तर सिगारेट काय वाईट?" हा प्रश्न घरातून कोणीतरी विचारणारच. उत्तर तयार ठेवा. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं. कर्करोग, फुप्फुसांचे आजार आणि हृदयाचं बरंचसं नुकसान करतात ते धुरातलं टार, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर रसायनं. गममध्ये धूर नाही. गम आणि त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

कवळी असेल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर गम घेऊ नका. तो कवळीला चिकटतो आणि सांध्याला त्रास देतो. त्यांच्यासाठी निकोटिनची चोखायची गोळी किंवा पट्टी बरी.

तपासा: पहिल्या आठवड्यात दिवसाला किमान ९ गम लागतात. म्हणजे आठवड्याला ६३. घरात दहा-बारा गमची एकच पट्टी असेल तर तुमची तयारी झालेली नाही. गम रात्री दहा वाजता संपला तर काय विकत घ्याल, हे तुम्हालाही माहीत आहे.

## पायरी ३: शेवटच्या सिगारेटआधीची तयारी

तारीख पुढच्या दोन आठवड्यांतली ठरवा. त्याहून लांबची तारीख पुन्हा लांबते. नोंदीचा कागद समोर घेऊन असा दिवस निवडा ज्या दिवशी गर्दीच्या वेळांवर तुमचा ताबा असेल. पार्टी, लांबचा प्रवास किंवा कामाची मोठी मुदत त्या दिवशी नको.

तारखेच्या एक-दोन दिवस आधी गमची रंगीत तालीम करा. एखादी सिगारेट गाळून त्या जागी एक गम घ्या, घड्याळ समोर ठेवून, पुढच्या पायरीत दिल्याप्रमाणे. पहिल्यांदा चव विचित्र लागते, तिखटसर, घशाशी चुरचुरणारी. ही ओळख आधीच झालेली बरी. सोडण्याच्या दिवशी डोकं आधीच ठिकाणावर नसतं, त्यात नवं तंत्र शिकायला बसू नये.

आदल्या रात्री सगळी पाकिटं, लायटर, अॅशट्रे घराबाहेर जाऊ द्या. कोटाचे खिसे, गाडीचा कप्पा, ऑफिसचा ड्रॉवर हेही तपासा. "एक पाकीट ठेवतो, हात लावत नाही, निश्चयाची परीक्षा" असली परीक्षा कोणी मागितलेली नाही. सिगारेटी पाण्यात भिजवून टाका; नुसत्या कचऱ्यात टाकलेल्या पहाटे शोधता येतात.

आता गम ठिकठिकाणी ठेवा: उशाजवळ, खिशात, कामाच्या टेबलात. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर सगळे उंचावर किंवा बंद कप्प्यात. मुलाने हा गम गोळी समजून खाल्ला तर ते गंभीर ठरू शकतं.

## पायरी ४: चघळण्याची पद्धत

सगळी गंमत इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

निकोटिन गालाच्या आतून आणि हिरड्यांतून रक्तात जायला हवं. गिळलेलं निकोटिन पोटातून यकृतात जातं आणि तिथे बहुतेक मोडतं. वाटेत ते उचक्या, छातीत जळजळ आणि मळमळ देऊन जातं. म्हणून संपूर्ण पद्धतीचा हेतू एकच आहे: निकोटिन थोडं थोडं सोडायचं आणि ते तोंडातच मुरू द्यायचं.

१. तोंड तयार करा. गम घेण्याआधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काहीही खाऊ-पिऊ नका. कॉफी, फळांचा रस, शीतपेयं तर अजिबात नाही. ही पेयं आम्लधर्मी असतात, आणि तोंड आंबट असलं की निकोटिन त्वचेतून आत शिरत नाही. गममध्ये तोंडातलं आम्ल कमी करणारे क्षार मुद्दाम घातलेले असतात; वरून कॉफीचा घोट घेतलात की त्यांची मेहनत वाया. शंका असेल तर एक घोट पाण्याने चूळ भरा.

२. सावकाश चावा. गम तोंडात टाकून अगदी संथ, मधे थांबत चावा. दहा-पंधरा वेळा चावल्यावर मिरीसारखी तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवतील. निकोटिन सुटल्याची ती खूण.

३. थांबा आणि ठेवा. खूण जाणवताच चावणं बंद. गम गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत सरकवा आणि तिथेच राहू द्या. जिभेवर ठेवून चोखू नका.

४. वाट बघा. साधारण एका मिनिटात चुरचुर ओसरते. तोपर्यंत काही करायचं नाही. लाळ जमली तर थोडी तोंडात धरा, एकदम घटाघट गिळू नका.

५. पुन्हा चावा, जागा बदला. चुरचुर गेली की पुन्हा काही वेळा चावा, पुन्हा खूण, पुन्हा गालात. या वेळी दुसऱ्या बाजूला. एकाच जागी ठेवत राहिलात तर तिथली त्वचा हुळहुळी होते.

६. अर्ध्या तासाने थुंका. चावल्यावरही चव किंवा चुरचुर येईनाशी झाली की गम संपला. साधारण ३० मिनिटं लागतात. गिळायचा नाही.

७. कागदात गुंडाळून टाका. चघळलेल्या गममध्येही निकोटिन उरतं. उघडा फेकला तर मुलाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात जाऊ शकतो.

तपासा: अर्ध्या तासापैकी प्रत्यक्ष चावण्यात किती वेळ गेला? पाच-सात मिनिटांहून जास्त असेल तर तुम्ही भरभर चावताय. जबडा दुखायला लागणं हाही त्याचाच पुरावा.

काय बिघडलं ते अंगावरून ओळखता येतं. उचक्या किंवा घशात जळजळ म्हणजे वेग जास्त आणि लाळ गिळली गेली. गम लगेच गालात ठेवा, दोन मिनिटं हलवू नका. मळमळ, चक्कर, घाम, धडधड एकत्र आलं तर निकोटिन जास्त झालंय. गम थुंकून टाका आणि पुढचा घेण्याआधी जास्त वेळ जाऊ द्या. त्रास ओसरत नसेल तर डॉक्टरांकडे जा. काहीच जाणवत नाही, चवही नाही, उचकीही नाही? मग बहुधा आधी चहा-कॉफी झालेली असते, किंवा गम तोंडात नुसता पडून असतो.

एका मागोमाग एक गम घेणं टाळा. तलफ फारच असेल तर त्याच तासात दुसरा घेता येतो, पण पहिला पूर्ण संपवून, थोडा वेळ मधे जाऊ देऊन.

## पायरी ५: पहिला दिवस

उठल्या उठल्या गम. तोंड धुवा, पाणी प्या, गम घ्या. सकाळचा चहा किंवा कॉफी त्यानंतर, गम थुंकल्यावर. ज्यांची पहिली सिगारेट चहाबरोबरच असायची त्यांना हा उलटा क्रम जाचतो, पण त्याचे दोन फायदे आहेत: चहाचा कप हातात येतो तेव्हा निकोटिन आधीच चढलेलं असतं, आणि कप-सिगारेट ही जोडी पहिल्याच दिवशी मोडते.

मग दर एक-दोन तासांनी एक. फोनवर गजर लावा. तलफ आली की घेऊ, असं ठरवू नका. तलफेची एक लाट काही मिनिटांत चढते आणि ओसरते. गमला कामाला लागायलाच २० मिनिटं लागतात. आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखं आहे ते. रक्तात निकोटिनची पातळी आधीपासून राखलेली असेल तरच लाट बुटकी राहते.

नोंदीचा कागद आता बाहेर काढा. जेवणानंतरची सिगारेट दीडला असायची? जेवणाच्या आधी, साडेबारा-पाऊणला गम सुरू करा म्हणजे जेवायच्या वेळेपर्यंत तो संपेल आणि जेवण झाल्यावर त्याचा असर शिल्लक असेल. जेवण आटोपताच सिगारेटच्या जागी लगेच गम टाकण्यात अर्थ नाही, तोंड अजून अन्नाने भरलेलं असतं.

बेसावध क्षणी लाट आलीच तर गम घ्याच, पण तो चढेपर्यंतची वीस मिनिटं दुसऱ्या कशाने तरी काढावी लागतील. जागा बदला, पाणी प्या, कोणाला तरी फोन करा, दात घासा. यातलं काय चालतं ते प्रत्येकाचं वेगळं. मला विचाराल तर जागा बदलणं सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचं.

रात्री झोपण्याआधी मोजा: आज किती गम झाले? नऊपेक्षा कमी असतील आणि दिवस वाईट गेला असेल तर उद्या वाढवा. वरची मर्यादा पाकिटावर छापलेली असते. साधारणपणे ती दिवसाला २४ आहे. तुमच्या पाकिटावर कमी लिहिली असेल तर तीच पाळा. आणि तोंडात गम ठेवून झोपू नका.

## पायरी ६: पहिले सहा आठवडे

नियम एका ओळीचा: दर एक-दोन तासांनी एक, बरं वाटत असलं तरी. इथेच गोम आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी माणसाला एकदम मोकळं वाटतं आणि तो गम चारवर आणतो, कारण "आता गरज नाही". मोकळं वाटतंय ते गममुळे. पुढच्या आठवड्यात एखादा वाईट दिवस उगवतो, आणि खिशात गम नसतो.

निकोटिन कमी झाल्याची लक्षणं, म्हणजे चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं, झोप मोडणं, सारखी भूक, पहिल्या आठवड्यात जोरात असतात आणि दोन ते चार आठवड्यांत बरीच उतरतात. बद्धकोष्ठता आणि तोंड येणं यांनी लोक दचकतात आणि गमला दोष देतात. सिगारेट सोडणाऱ्या अनेकांना गमशिवायही ती होतात.

कॉफीचा हिशेब पुन्हा मांडा. धुरातली जी रसायनं यकृताला औषधं भरभर मोडायला लावतात, तीच कॅफीनलाही लवकर बाहेर काढतात. सिगारेट बंद झाली की काही दिवसांतच तेवढ्याच कॉफीने रक्तातलं कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, छाती धडधडते, रात्री डोळा लागत नाही, आणि सगळ्याचं खापर "सिगारेट सोडल्याचा त्रास" म्हणून फुटतं. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. गमसाठी तोंड मोकळं राहतं हा वरचा फायदा.

गम पुरत नसेल तर पट्टी जोडा. ४ मिलिग्रॅमचे पुरेसे गम, बरोबर पद्धतीने घेऊनही दिवसभर तलफ मागे लागत असेल तर डॉक्टरांशी किंवा फार्मासिस्टशी बोलून निकोटिनची पट्टी सुरू करता येते. पट्टी दिवसभर एकसारखी पातळी ठेवते आणि गम मधल्या उसळ्यांसाठी राहतो. दोन्ही एकत्र घेतल्याने एकट्या कशापेक्षाही जास्त लोकांना सिगारेट सोडता येते, हे चांगलं तपासलं गेलेलं आहे. जास्त भारी व्यसन असलेल्यांनी तर पहिल्या दिवसापासूनच हा पर्याय विचारावा. हरल्यावर घ्यायचा उपाय म्हणून तो राखून ठेवण्यात शहाणपण नाही.

पट्टी २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमच्या येतात. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर सहसा २१ पासून सुरुवात होते. स्वच्छ, कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर, दंडावर किंवा छाती-पाठीच्या वरच्या भागावर लावा, दहा सेकंद दाबून धरा, हात धुवा. रोज जागा बदला. चित्रविचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर रात्री काढून ठेवा आणि सकाळी नवी लावा. तिला चढायला काही तास लागतात, तेव्हा पट्टी रात्री काढणाऱ्यांनी सकाळचा गम सोडू नये. पट्टी लावली की गमची संख्या आपोआप कमी होते. मग नऊचा नियम लागू नाही, गरजेप्रमाणे घ्या.

सावधान: एमआरआय करायची असेल तर पट्टी लावल्याचं आधी सांगा. काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा थर असतो आणि त्याने त्वचा भाजू शकते.

## पायरी ७: मध्येच सिगारेट ओढली गेली तर

गम बंद करू नका. पट्टी असेल तर तीही काढू नका. एक सिगारेट ओढली म्हणून अंगात विष झालं, या भीतीने लोक गम फेकून देतात, आणि मग बिनगमचे, बिननिश्चयाचे, थेट दुकानात. जी एक ओढली गेली तिने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते "आता मोडलंच आहे, तर सोमवारपासून पुन्हा बघू" या वाक्याने. उरलेलं पाकीट आत्ता भिजवून टाका आणि पुढचा गम ठरल्या वेळेला घ्या.

मग शांतपणे तीन गोष्टी बघा. शेवटचा गम किती वेळापूर्वी घेतला होता? तीन-चार तास झाले असतील तर कारण सापडलं. सोबत कोण होतं, काय पीत होतात? दारूच्या पेल्याबरोबर सिगारेट परत येणं फार नेहमीचं आहे. पहिले काही आठवडे बैठकीला न गेलेलंच बरं. आणि तिसरं: हे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा घडलं असेल तर मात्रा कमी पडतेय. २ वरून ४ वर जाण्याविषयी किंवा पट्टी जोडण्याविषयी विचारा.

रोज चार सिगारेटी आणि चार गम असं मिश्रण कायमचं बसू देऊ नका. त्यात सोडल्याचं समाधान मिळतं आणि धूर तसाच राहतो.

## पायरी ८: गम उतरवणं

ठरलेलं वेळापत्रक बारा आठवड्यांचं आहे:

- आठवडे १ ते ६: दर १ ते २ तासांनी एक
- आठवडे ७ ते ९: दर २ ते ४ तासांनी एक
- आठवडे १० ते १२: दर ४ ते ८ तासांनी एक

आठवडे मोजायला सुरुवात शेवटच्या सिगारेटपासून करा, गम विकत घेतल्यापासून नव्हे. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना दोन-तीन दिवस जड जातात. आठवडाभर जडच गेले तर मागच्या टप्प्यावर परत या आणि तिथे आणखी एक आठवडा काढा. त्यात हरणं काही नाही.

कमी करताना आधी दिवसातले सोपे गम गाळा: ज्या वेळी नोंदीत सिगारेटच नव्हती, जो केवळ गजर वाजला म्हणून घेतला जात होता. सकाळचा आणि गर्दीच्या वेळेचे शेवटी. काहींना गम न गाळता प्रत्येक गम अर्ध्या तासाऐवजी दहा-पंधरा मिनिटंच चघळणं सोपं जातं. किंवा ४ चा २ करणं. निकोटिनच्या गमच्या मधे साधा बिनसाखरेचा च्युइंगम चालतो, फक्त दोघांची पाकिटं वेगळ्या खिशात ठेवा. साधा च्युइंगम भरभर चावायची सवय हळूच निकोटिनच्या गमला लागते.

बारा आठवड्यांनंतरही दिवसाला चार-पाच गम सुटत नसतील तर डॉक्टरांशी बोला, पण घाबरून एकदम बंद करून पुन्हा सिगारेटवर जाऊ नका. या दोन व्यसनांत निवड करायची वेळ आली तर धूर नसलेलं निवडा, आणि उतरवायला आणखी काही आठवडे घ्या.

गम पूर्ण सुटल्यावर गमची एक छोटी पट्टी प्रवासाच्या बॅगेत असू द्या. मुदतीची तारीख संपली असेल तर बदला. जुने मित्र, लांबचा प्रवास, घरातलं एखादं मोठं दुःख अशा प्रसंगी महिन्यांनंतरही एखादी लाट उठते. तेव्हा एक गम, संथपणे, आधी पाण्याचा घोट घेऊन.